मालनबाईंचा हात

आवळेमाळचं टपाल बंद पडलं ते आषाढातल्या बेंदराच्या सुमारास, आणि ते बंद पडलंय हे गावाला कळायला गणपती उजाडले. यात गावाचा दोष नाही. जुन्या काळी पत्र पोचलं नाही तर निदान शिक्का मारून परत यायचं. आता तसं होत नाही. पत्र तुमच्याकडून निघतं, पलीकडचा सर्व्हर ते अदबीने घेतो, 'मिळालं' म्हणतो आणि मागच्या दाराने कचऱ्यात टाकतो. आपण कशाने पकडले गेलो हे चोराला कळू नये म्हणून ही पद्धत. त्यात सावालाही काही कळत नाही, पण सावाची फिकीर कोणाला असते?

पहिली तक्रार घेऊन आल्या हिराकाकी. सारिका निकम तेव्हा ग्रामपंचायतीच्या माडीवर गावाच्या सर्व्हरपुढे बसली होती. पुण्यात बरीच वर्षं संगणकाची नोकरी करून, वडील गेल्यावर आईसाठी ती गावी परतली होती. गावाने तिच्या गळ्यात हा सर्व्हर बांधला. त्याचं नाव गाववेस. गावातल्या प्रत्येक घराचं त्यावर एक खातं होतं, आणि ईमेलला सगळे पत्रच म्हणत.

"सारे, माझ्या संतोषला कायतरी सांग बाई," काकी जिना चढल्याची धाप आवरत म्हणाल्या. "गणपतीला येतूस का म्हणून किती पत्रं धाडली. हूं न्हाई की चूं न्हाई."

"त्याचं पत्रच आलं नाही?"

"येतंय की. त्योच मला इचारतूय, आये, तू रुसलीस का म्हणून."

सारिकाचा हात थांबला. येणारं येत होतं, जाणारं जात नव्हतं. तिने जगातल्या मोठ्या काळ्या याद्या एकेक करून उघडल्या. तिसऱ्या यादीत गाववेसचं नाव होतं आणि पुढे कारण लिहिलं होतं: एक हात, अनेक नावे.

हे समजायला आधी आवळेमाळ समजून घ्यावं लागेल. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टापूतलं हे गलाईवाल्यांचं गाव. पणज्याच्या काळापासून इथले पुरुष देशभर पांगून सोन्याचांदीची गलाई करतात, म्हणजे सोनारांकडचे जुने, भेसळीचे दागिने आटवून शुद्ध धातू काढून देतात. कोणी सेलमला, कोणी नेल्लोरला, कोणी पार आसामात तिनसुकियाला. गावात मागे राहतात बायका आणि म्हातारी माणसं. दुसऱ्याचं सोनं मुठीत घेऊन बसायचा हा धंदा, सगळा विश्वासावर चालणारा. म्हणूनच बनावट आवाज आले तेव्हा पहिला घाव या लोकांवर पडला.

चार वाक्यांचा नमुना मिळाला की यंत्र कोणाचाही आवाज काढू लागलं होतं. दुकानात फोन यायचा, आईचा रडका आवाज यायचा, "लेकरा, दवाखान्यात हाय मी. माणूस धाडलाय, त्याच्यापाशी असंल ते दे." तिघाचौघांनी दिलं. सोनं गेलं, पत गेली, आणि त्यातला एकजण पुन्हा कुठल्याच बाजारात उभा राहू शकला नाही. दुधानं तोंड पोळलेल्या गावाने मग ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचं ठरवलं. खंडोबाच्या देवळात सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली: फोनवर घरचा आवाज आला तर कापायचा. घरची बातमी फक्त लेखी घ्यायची, आणि तीही हाताचा शिक्का असेल तरच.

शपथेचा मजकूर वाचून दाखवला तो सारिकाच्या आईने, मालनबाईंनी. यात्रेला आलेल्या आपल्या मुलाला, धैर्यशीलला, त्यांनी सगळ्यांदेखत पुढे बोलावलं होतं. "माझा आवाज आला तरी कापायचा. म्हण."

"कापायचा," धैर्यशील हसत म्हणाला होता. कपाळभर भंडारा लावून तो दुसऱ्या दिवशी तिनसुकियाला परत गेला.

आता हाताचा शिक्का म्हणजे काय? अक्षराला वळण असतं हे आपल्याला पाटी-पेन्सिलीपासून माहीत आहे. टाईप केलेल्या मजकुरालाही वळण असतं, हे कळायला मात्र शास्त्रज्ञांना वेळ लागला. कुठल्या दोन अक्षरांच्या मध्ये बोट अडखळतं, माणूस कोणता शब्द लिहून खोडतो, वाक्य संपवण्याआधी किती थांबतो, आधी जेवणाची चौकशी करतो की पावसाची, अशा काहीशे खुणा जमवल्या की त्यांचा एक आराखडा तयार होतो. त्यालाच 'हात' म्हणू लागले. शब्द कोणालाही चोरता येतात, थांबणं चोरायला अवघड. मजकूर मात्र जरा लांब लागतो. दोन शब्दांत कोणाचा हात दिसत नाही. प्रत्येक पत्राबरोबर या खुणांचा शिक्का जाई आणि पलीकडचा सर्व्हर तो ताडून बघे.

स्पॅम पाठवणाऱ्या टोळ्या शेकडो नावांनी लिहीत, पण मागे लिहिणारा एकच असे. त्यामुळे एक हात आणि अनेक नावं दिसली की टोळी समजायची आणि तो सर्व्हर काळ्या यादीत टाकायचा, असा नियम यंदाच झाला. याद्या दोन-चार ठिकाणीच बनत. बाकीचं जग त्या एकमेकांकडून उतरवून घेई, आणि उतरवलेलं पुसायची कोणाला सवय नव्हती. चाळण तशी चोख होती. फक्त आवळेमाळच्या देवळाची ओवरी तिला माहीत नव्हती.

त्या ओवरीत मालनबाई रोज दुपारी बसत. विट्यात त्यांनी पंचवीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता, आधी खडखडणाऱ्या यंत्रांवर आणि मग संगणकावर. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून परीक्षेला बसला. शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. लाकडी पट्टी टेबलावर आपटून त्या ताल धरत आणि पोरांची बोटं त्या तालावर पडली पाहिजेत असा त्यांचा हट्ट असे. सारिका आणि धैर्यशील तर त्या पट्टीखालीच वाढले. क्लास मिटल्यावर त्या गावी आल्या आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहू लागल्या.

सारिका ओवरीत पोचली तेव्हा हिराकाकीच आईपुढे मांडी घालून बसल्या होत्या. सारिकाकडून उठून त्या तडक इकडे आल्या होत्या.

"काय लिहू गं?" मालनबाईंनी विचारलं.

"लिव तुझ्या मनानं. तुला काय म्हाईत न्हाई व्हय?"

हीच गावाची रीत. मालनबाई आपल्या मनाने लिहीत, मग वाचून दाखवत. समोरची बाई डोळ्यांना पदर लावून "अगदी माझ्या मनातलं लिवलंस" म्हणे आणि आपल्या खात्यावर अंगठा टेकवून पत्र सोडून देई. अशा चाळीसेक आया मालनबाईंच्या हाताने आपल्या पोरांशी बोलत होत्या.

हिराकाकी गेल्यावर सारिकाने आईला सगळं सांगितलं. मालनबाईंनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

"म्हणजे मी टोळी व्हय गं?" त्या हसल्या. "एकट्या म्हातारीची टोळी."

"हसू नकोस आई. जगाच्या दृष्टीने तसंच आहे. थोडे दिवस कोणाचं लिहू नकोस, मी त्यांना समजावते."

सारिकाने यादीवाल्यांना सविस्तर लिहिलं. गाव, गलाई, शपथ, ओवरी, आई, काही लपवलं नाही. खरं सांगितलं की माणूस ऐकतो, असा तिचा समज. उत्तर लगेच आलं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार. एकच व्यक्ती अनेक नावांनी लिहिते हे आपण मान्य केले आहे. तो हात निश्चित करून दिल्यास आपला सर्व्हर मोकळा करण्यात येईल.' तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. समजावायला गेली आणि कबुलीजबाब देऊन बसली.

त्यातच ज्ञानू आप्पा वारले. त्यांचे दोन्ही मुलगे नेल्लोरला होते. पत्रं गेली ती कचऱ्यात. फोन केले ते मुलांनी शपथेप्रमाणे कापले. आप्पांना अग्नी पुतण्याने दिला, आणि राख निवल्यावर धाकट्याचं नेहमीचं पत्र आलं की आप्पांची खोकल्याची बाटली संपली असेल तर कळवा. आप्पांच्या बायकोने ते पत्र चावडीवर आणून सरपंचांपुढे धरलं. सरपंचांनी सारिकाला बोलावून घेतलं.

"सारिका, तुझं शास्तर तुझ्यापाशी," ते म्हणाले. "काय करायचं ते कर, पर पोरांस्नी आईबाप मेलेलं तरी कळूंदे."

सारिकाने त्याच दुपारी आईचा हात यादीवाल्यांना दिला. करायचं काही फार नव्हतं. आईच्या जुन्या पत्रांचे शिक्के निवडले, नाव टाकलं, अंगठा टेकवला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं मुळात नव्हतंच. अट एवढीच होती की हा हात यापुढे गाववेसवरून बाहेर जाऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांनी फेरविचाराचा अर्ज करता येईल, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्या बारीक अक्षरावर तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी गावाचं टपाल सुरू झालं.

ओवरीतल्या बायकांना सारिका स्वतः एका बोटाने टाईप करायला शिकवू लागली आणि त्यांचे नवे हात नोंदवून घेऊ लागली. हिराकाकी एकेक अक्षर शोधत शिव्या घालत, पण शिकल्या. मालनबाई एकदा येऊन बघून गेल्या.

"बरं झालं," त्या घरी म्हणाल्या. "ज्याचं त्यानं लिहावं." मग बराच वेळ भाकरीचं पीठ मळत राहिल्या. "मी लिहिलेलं कोणाला वाईट लागायचं का गं?"

"नाही आई. फक्त नियम आहे." तेवढंच सांगून सारिका उठली. ज्या हाताने दोन पोरं वाढवली, शिकवली, तो हात जगभरच्या चोरांच्या यादीत गेलाय आणि आपण तो दिलाय, हे तिच्या तोंडातून निघेना. उद्या सांगू म्हणाली. भित्र्या माणसाला उद्या फार असतात.

आणि सांगायला हवं होतं, कारण मालनबाईंना स्वतःचं एक पत्र लिहायचं होतं.

चार वर्षांपूर्वी सारिकाचे वडील परसात पडले तेव्हा मालनबाईंचं भान सुटलं होतं. शपथ विसरून त्यांनी तिनसुकियाला फोन लावला. "धैर्या, दादांना बघ रे काय झालंय," एवढंच त्या बोलल्या, आणि धैर्यशीलने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी पत्र गेलं. तो घरी पोचला तेव्हा रक्षाविसर्जन करून माणसं नदीवरून परत येत होती. भरल्या अंगणात, सगळ्या भावकीदेखत मालनबाई त्याला म्हणाल्या, "आईचा आवाज वळखू आला न्हाई तुला?" धैर्यशील उंबऱ्याच्या आत आला नाही. तसाच परत गेला, तो गेलाच. त्यानंतर महिन्याकाठी त्याचं पत्र येई, "पैसे पाठवलेत. मी ठीक आहे." त्यांचंही उत्तर तेवढंच जाई, "मिळाले. आम्ही ठीक आहोत."

चाळीस आयांच्या मनातलं लिहिणाऱ्या बाईला आपल्या मनातलं चार वर्षं लिहिता आलं नव्हतं. आता ओवरी सुटली, हात रिकामा झाला, आणि त्यांना लिहिता येऊ लागलं. रोज दुपारी सोप्यात बसून त्या लिहीत. सारिका जवळ आली की टॅबलेट छातीशी धरत. "तुझं काम न्हाई हे. माझं आन त्याचं हाय."

संध्याकाळी माडीवर सारिकाला ते दिसे. रोखलेल्या पत्रांच्या कप्प्यात आईचं आणखी एक पत्र येऊन पडलेलं असे. ती ते उघडत नसे. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा सर्व्हर सांभाळणाऱ्याचा एकच धर्म, आणि ती तो पाळत होती. न वाचता स्वतःच्या हाताने उतरवून पाठवायची सोय नव्हती. हिराकाकीकडून चार ओळी पाठवता आल्या असत्या, पण मग गावाला सगळं सांगावं लागलं असतं. तेव्हा तिने स्वतःच भावाला लांबलचक पत्र लिहिलं. आईचा हात का अडकलाय ते सांगितलं, आई तुला रोज लिहिते आहे हे सांगितलं, आणि शेवटी लिहिलं, एकदा माझा फोन घे. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं खातं गाववेसच्या चाळणीतून सुटलेलं असतं, त्यामुळे पत्र लगेच निघालं. तिनसुकियाच्या सराफ बाजाराच्या सर्व्हरने 'मिळालं' म्हणून कळवलं. तिने फोन लावला. तो कापला गेला.

थंडी पडली आणि मालनबाईंचे पाय सुजू लागले. विट्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. सारिकाने भावाला पुन्हा लिहिलं. 'मिळालं.' पुन्हा फोन लावला, पुन्हा कापला गेला. मग मात्र तिला राग आला. एवढा कसला ताठा, असं तिला वाटलं. बाप गेला तेव्हा शपथेचं निमित्त होतं, आता तर सगळं लेखी कळवलंय. त्याच दिवसांत यादीवाल्यांची एक सूचना आली होती, की टोळ्या आपला हात थोडा थोडा बदलून लिहू लागल्या आहेत, तरी यापुढे वाईट हाताशी जुळणारे जवळचे हातही रोखण्यात येतील. मोठ्या बाजारांच्या सर्व्हरवर हे आधीच सुरू झालं होतं. सारिकाने ती सूचना वाचली. टोळ्यांची गोष्ट आहे म्हणून मिटून ठेवली.

संक्रांतीनंतर मालनबाईंना बसूनसुद्धा धाप लागू लागली. उशाला टॅबलेट असे, पण बोटं चालत नव्हती. एका दुपारी त्यांनी सारिकाला जवळ बोलावलं.

"धैर्याला कळवलंस?"

"कळवलंय आई. दोनदा."

"मग?"

सारिकाने पांघरूण सारखं केलं. मालनबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि आपणच समजूत घातली. "कामात असंल. लग्नसराई हाय, बाजार जोरात असतूय." थोडा श्वास घेतला. "माझी पत्रं पोचली असतील न्हवं त्याला?"

खरं सांगायला अजून वेळ होता. एवढंसं वाक्य होतं. आईने तिला काही मारलं नसतं.

"पोचली," सारिका म्हणाली.

"मग झालं तर," मालनबाई म्हणाल्या. "वाचली असतील. वाचून न्हाई आला तर त्याची मर्जी." त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी दुपारी, सारिका दूध गरम करत असताना, त्या गेल्या.

सारिकाने कर्तव्य म्हणून भावाला पुन्हा एकदा लिहिलं. तो येईल असं तिला वाटत नव्हतं. आईला अग्नी तिने दिला.

पण रक्षाविसर्जन करून माणसं नदीवरून परत येत होती तेव्हा धैर्यशील अंगणात उभा होता. बरोबर तिथेच, चार वर्षांपूर्वी उभा होता तिथे. दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. भावकी बाजूला झाली.

"आलास?" सारिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच कडू लागला. "सवडीनं आलास."

"ताई, मला काल कळलं."

"खोटं बोलू नकोस. तीन महिने लिहितेय मी तुला."

"तुझं एक अक्षर आलं नाही." त्याने फोन काढून पुढे धरला. सेलमच्या संतोषने पुढे पाठवलेलं पत्र होतं. मूळ पत्र हिराकाकींचं, एका बोटाने लिहिलेलं. 'मालनबाय गेलि. तिच्या धैऱ्याला कळिव. बिचारि वाट बगून गेलि.'

सारिकाने ते दोनदा वाचलं. यादीवाल्यांची ती सूचना तिला आता आठवली, शब्दन्‌शब्द. जवळचे हात. तिला टायपिंग कोणी शिकवलं होतं? पट्टीच्या कोणत्या तालावर तिची बोटं वळली होती? हिराकाकींचा वेडावाकडा, कोणासारखाच नसलेला हात सगळ्या चाळण्यांतून पार झाला होता. लेकीचं पत्र आईचं म्हणून कचऱ्यात गेलं होतं.

माणसं पांगल्यावर ती धैर्यशीलला माडीवर घेऊन गेली. सगळं सांगितलं. आईचा हात कोणी दिला, का दिला, आईला काय सांगितलं, तेही. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी तरी कुठं आवाज घेतला होता तिचा," तो शेवटी म्हणाला.

तिने रोखलेल्या पत्रांचा कप्पा उघडून दिला. "तुझी आहेत. मी वाचलेली नाहीत."

ती जिन्यात जाऊन बसली. खाली पंचायतीच्या आवारात कोंबड्या फिरत होत्या. बऱ्याच वेळाने आतून हाक आली. "ताई, हे ऐक." तो वाचू लागला.

'चि. धैर्यशील, जेवलास का? इकडे शाळू बरा आहे. मी त्या दिवशी सगळ्यांदेखत तुला म्हणाले की आईचा आवाज ओळखता आला नाही का. ते माझं चुकलं. तू आवाज ओळखला होतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझा आवाज आला तरी कापायचा, असं तुला भंडारा उचलून मीच म्हणायला लावलं होतं. तू माझं ऐकलंस. ऐकणाऱ्या पोराला मी अंगणातून परत पाठवलं. आता राग सोड आणि ये. येताना चहाची पत्ती आण, तिकडची चांगली असते.'

पुढे त्याला वाचवेना. पुढची पत्रं सारिकाने त्याच्या खांद्यावरून बघितली. प्रत्येकात जेवलास का, प्रत्येकात ये. शेवटी शेवटी ती लहान होत गेली होती. सगळ्यात शेवटच्या पत्रात बरंच लिहून खोडल्यावर उरलेलं 'ये' एवढंच होतं, आणि त्याच्यापुढे बोट चुकून पडलेली दोन अक्षरं.

धैर्यशीलने पिशवी उघडली. आत चहाच्या पत्तीचं मोठं पाकीट होतं. "मला वाटलं, घरी कोणीतरी पीत असेल," तो म्हणाला, आणि टेबलावर डोकं ठेवून रडू लागला. सारिकाही रडली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

मग त्याने तोंड पुसलं आणि आपला फोन घेतला. तो आईच्या खात्यावर उत्तर लिहू लागला. चार वर्षं ज्याने दोन ओळींच्या वर लिहिलं नव्हतं, तो आता थांबत नव्हता. सारिका त्याच्या बोटांकडे बघत होती. तीन ठोके, दम. दोन ठोके, दम. शब्द लिहून खोडायचा, पुन्हा तोच लिहायचा. पट्टी कुठेच नव्हती, पण तिला ती ऐकू येत होती. त्याने पत्र सोडलं आणि सर्व्हरच्या पडद्याकडे बघितलं.

गाववेसच्या चाळणीनेही एव्हाना नवी यादी उतरवून घेतली होती. पडद्यावर ओळ उमटली: 'पाठवणारा: धैर्यशील निकम. हात: मालन निकम. काळ्या यादीत. पत्र रोखले.'

"हे काय म्हणतंय?" त्याने विचारलं.

"म्हणतंय, हे आईनं लिहिलंय."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. सारिकाला वाटलं आता हा पुन्हा कोसळेल. पण त्याने फक्त आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, भट्टीच्या चटक्यांचे डाग पडलेले, आणि मांडीवर ठेवले.

"म्हणजे पोचलं नाही?"

सारिकाने रोखलेल्या पत्रांचा कप्पा पुन्हा उघडला. आईच्या 'ये' च्या खाली त्याचं पत्र येऊन पडलं होतं. मध्ये दुसरं कोणाचंच नव्हतं.

"पोचलं," ती म्हणाली.